येळवशीला धरलेला चोर

आमच्या घरात आजवर एकच चोर सापडला. ती माझी सख्खी आत्या होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण जळकोटात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि मी लपवली तरी अण्णा (म्हणजे माझे वडील) सांगतीलच.

सुरुवात झाली ती शेजारच्या गल्लीतल्या पाण्याच्या मोटरीपासून. मोटर चोरीला गेली. आमचं गाव हायवेवर. चोरानं माल उचलायचा आणि सोलापूरला जायचं की हैदराबादला, तेवढंच ठरवायचं! त्या दिवसापासून अण्णांची झोप उडाली.

"वेल्डरला बोलीव," ते मला म्हणाले. "समदी ओसरी लोखंडानं बंद करायची. मांजर आलं तरी उपाशी परत गेलं पायजे."

"अण्णा, लोखंड मुकं असतं. कोण आलं, कधी आलं, ते काय सांगणार? त्यापेक्षा कॅमेरे लावू. सगळं मोबाईलवर दिसतं."

"काय दिसतं? मोटर चोरताना? मला चोर बगायचा न्हाय बाबा. मला मोटर पायजे!"

मी दुसऱ्याच दिवशी कॅमेरेवाला आणला. त्याच दिवशी अण्णांनी वेल्डर आणला. दोघं एकाच ओसरीत एकमेकांच्या शिड्या सरकवत काम करत होते, आणि खाली आम्ही बापलेक एकमेकांकडं न बघता उभे.

अण्णांचं गेट असं झालं की दुधाची पिशवीसुद्धा आडवी करून आत घ्यावी लागे. मागचं दार तर त्यांनी पट्टी ठोकून कायमचंच बंद केलं. गेटातच बसवलेलं कुलूप, आणि त्याची किल्ली फक्त बाहेरून लागायची. "चोर शिरलाच, तर आतून भायेर पडता कामा नये," ही त्यामागची दूरदृष्टी! माझे कॅमेरे त्याहून हुशार. एक अंगणाच्या फाटकावर, एक ओसरीत, एक बैठकीत. त्यातून लांबूनच बोलताही यायचं आणि ऐकताही. मधल्या खोलीत मात्र मी कॅमेरा लावला नाही. तिथं ट्रंका आणि गाद्या. त्या कोण नेतो! (ही खोली लक्षात ठेवा.)

आणि आली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं घरात चूल पेटते ती फक्त पहाटे. मग भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, ताकातली आंबील सगळं घेऊन आख्खं गाव शेतात. गावात कुत्रंसुद्धा उरत नाही, कारण जेवण शेतात असतं.

यंदाच्या येळवशीला आमच्याकडं आणखी एक मोठी गोष्ट घडणार होती. तामलवाडीची आत्या येणार होती. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आमच्या वास्तुशांतीला ती दिवसभर आत भजी तळत बसली आणि बाहेर आम्ही सगळ्यांनी मिळून फोटो काढला. तिला हाक मारायचं कुणालाच सुचलं नाही! तो फोटो बैठकीत लागला आणि आत्यानं माहेर टाकलं. अण्णा स्वतः जाऊन हात जोडून आले, तेव्हा कुठं ती यायला राजी झाली. आईनं तिच्यासाठी इरकल लुगडं आणून ठेवलं होतं. "आक्काच्या जिवाला लागंल असं कायबी बोलू नगा," अण्णांनी आम्हाला बजावलं.

सकाळी एकच धांदल उडाली. आंबिलीचं बिंदगं (म्हणजे घडा), टोपल्या, आत्याची पिशवी (तिच्या मोबाईलसकट), सगळं टमटममध्ये चढलं. अण्णा आणि आई पुढं गेले. मागून मोटरसायकलवर मी आणि सुनीता, म्हणजे माझी बायको. निघताना ती म्हणाली, "अहो, आत कुणी राहिलं नाही ना? एकदा आवाज तरी द्या."

"आवाज कशाला?" मी मोबाईल काढून दाखवला. "हे बघ बैठक, रिकामी. ही ओसरी, रिकामी. यासाठीच लावलेत कॅमेरे!"

आणि मी कुलूप घातलं. आत्या तेव्हा मधल्या खोलीत नवं इरकल नेसत होती.

शेतात पोचल्यावर मी पहिल्यांदा रेंज शोधली. ती फक्त विहिरीच्या कठड्यावर मिळायची. शेजारच्या रानातली मंडळी जमली होती, तेव्हा त्यांना कॅमेऱ्याची करामत दाखवावी म्हणून मी चढलो. मोबाईल उघडला आणि मी कठड्यावरून पडता पडता वाचलो. चित्र अडखळत होतं, पण ओसरीत कुणीतरी होतं! डोक्यावरून घोंगडं घेतलेलं, हातात लोखंडी बत्ता, आणि गेटवर दणादण घाव!

"चोर! अण्णा, घरात चोर!"

आख्खं शिवार विहिरीभोवती गोळा झालं. अण्णा धावत आले.

"आत हाय का भायेर?"

"आत! गेट फोडून बाहेर पडतोय!"

अण्णांचा चेहरा उजळला. "पडत न्हाय! कसा पडंल? माझ्या गेटानं धरला!"

"गेटानं नाही, कॅमेऱ्यानं धरला!"

"क्यामेऱ्यानं नुस्ता बगितला. धरला गेटानं!"

चोर घरात, आणि आम्ही श्रेयासाठी भांडतोय! शेवटी मला वाटलं, कॅमेरा काय करू शकतो ते एकदा दाखवूनच द्यावं. बोलायचं बटण दाबलं आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारदस्त आवाज काढला.

"ए चोरट्या! हात वर कर!"

ओसरीतली आकृती दचकली. बत्ता पडला. दोन्ही हात वर झाले. शिवारात टाळ्या पडल्या! इथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण टाळ्या ऐकून मला चेव आला.

"दुसऱ्याच्या घरात शिरायला लाज वाटत नाही का? काय नातं तुझं या घराशी, आं?"

घोंगडं खाली सरकलं. खालून इरकलाचा काठ दिसला. आणि मोबाईलमधून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा आवाज आला, "बाळ्या, मुडद्या, म्या हाय की रं! तुजी आत्या!"

मग अण्णा हळूच म्हणाले, "आक्का तुज्या गाडीवर न्हवती?"

"मला वाटलं, तुमच्या टमटममध्ये…"

मोबाईलमधून पुन्हा आवाज आला. या वेळी तो बारीक होता. "दुसऱ्याच्या घरात म्हनला रं. माज्या भावाचं घर ते."

जीव द्यायला विहीर जवळच होती, पण ती भरलेली नव्हती.

गाडी दामटत अण्णांना घेऊन घरी आलो. आत्या गेटापलीकडं बसली होती, पाठ आमच्याकडं. गारठ्यात घोंगडं पांघरून तिनं हाका मारून मारून घसा बसवला होता, पण ऐकायला गल्लीत होतं कोण? अण्णांनी किल्ली घातली. किल्ली जाईना. बत्त्याच्या घावांनी कुलूप असं वाकलं होतं की तुटतही नव्हतं आणि उघडतही नव्हतं!

"लई मजबूत केलंय," अण्णा रडवेल्या तोंडानं म्हणाले.

वेल्डर त्याच्या शेतात होता. फोनवर म्हणाला, "येळवस हाय साहेब. जेवून, पिकाला आंबील शिंपडून येतो." त्याचंही बरोबर होतं! मग आमची येळवस उलटी फिरली. टोपल्या, बिंदगं, आई, सुनीता, सगळं परत घरी. अण्णा गेटाबाहेर मांडी घालून बसले. गजांतून वाटी जाईना, म्हणून भाकरीच्या गुंडाळीत भज्जी भरून ते एकेक गुंडाळी आत सरकवत होते. आपलं गेट किती अरुंद आहे ते त्यांना त्या दिवशी कळलं.

पहिल्या गुंडाळीला आत्यानं हात लावला नाही. दुसरी घेतली. "फोटूत घेतलं न्हाय म्हनून रुसले," ती गजांपलीकडून म्हणाली, "तर आता शिनिमात घेतलं व्हय रं मला?" अण्णा हसता हसता रडायला लागले, आणि मग तीही. मी बाजूला उभा होतो. मला कुणी भज्जी विचारली नाही.

संध्याकाळी वेल्डर आला, गेट कापलं. बाहेर येताना आत्या अण्णांना म्हणाली, "म्होरच्या येळवशीला म्या येनार. पर घर राखायला गेट नगं, क्यामेरा बी नगं. माणूस ठेवा."

माणूस ठेवलाय. आज येळवस आहे आणि हे मी ओसरीतूनच लिहितोय. गेट नवं आहे, कुलूप बाहेरून आहे, सगळे शेतात आहेत. माझा मोबाईल आत्याकडं. मघापासून कॅमेऱ्यातून तिचा आवाज येतोय, मागं शिवारभर हसणं: "ए चोरट्या! हात वर कर!"

लिहिणं इथंच थांबवतो. हात वर करायचेत.