हम्फ्री पास्कचा रानटी राजा

हम्फ्री पास्क मूळचा कातडी कमावणाऱ्याच्या घरातला. अंगाने धिप्पाड, आणि आवाज असा की थेम्सच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडचा नावाडी वळून बघायचा. कातड्याच्या वासाला कंटाळून तो लंडनच्या दक्षिण काठावरच्या एका नाटक मंडळीत रोजावर लागला. त्या देहामुळे त्याच्या वाट्याला कायम परक्या मुलखातली माणसं आली. आधी तुर्क, मग हबशी, आणि जहाजं पश्चिमेकडे जायला लागल्यापासून समुद्रापारचे रानटी. तोंडाला काजळी फासून, सशाची कातडी पांघरून तो डरकाळी फोडायचा, तेव्हा खाली उभे असलेले लोक तोंडातलं चावणं थांबवायचे.

त्या वर्षी मंडळींनी नवं नाटक घेतलं. एका बेटावर इंग्रज कप्तान उतरतो, तिथला रानटी राजा त्याच्या अंगावर धावून जातो आणि शेवटी गुडघे टेकून बेट त्याच्या हवाली करतो. राजा अर्थातच हम्फ्री. असे लोक बोलतात कसे, चालतात कसे, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. नाटक लिहिणाऱ्यानेही नव्हतं.

नेमक्या त्याच सुमारास त्याच्या घरमालकिणीने, विधवा सिसलीने, वरची खोली समुद्रापारच्या व्हर्जिनियातल्या एका माणसाला दिली. एका व्यापाऱ्याने त्याला आणलं होतं; बड्या लोकांना हा व्यापारी त्याला दाखवायचा आणि तिकडच्या वसाहतीत पैसे घालायला त्यांना राजी करायचा. बाप्तिस्मा देऊन त्याचं नाव अँड्र्यू ठेवलं होतं. खरं नाव त्याने हम्फ्रीला सांगून पाहिलं, पण ते हम्फ्रीच्या जिभेवर बसेना.

हम्फ्री त्याच्याकडे डोळे लावून बसला. हा कधीतरी ओरडेल, निदान नाचेल. पण अँड्र्यू शेगडीजवळ बसून खोकायचा आणि ओला सदरा वाळत घालायचा.

"तुझ्यापेक्षा बरा आहे," सिसली हम्फ्रीला म्हणाली. "पाय पुसून आत येतो."

शेवटी हम्फ्रीनेच विचारलं की लढाईत तुमचे लोक ओरडतात कसे. अँड्र्यू जहाजावर इंग्रजी शिकला होता. तो म्हणाला की शत्रूच्या जवळ जाईपर्यंत गप्प राहायचं असतं. हे नाटकात कसं घालावं, हम्फ्रीला कळेना. त्याने डरकाळीच ठेवली आणि अँड्र्यूला खेळ बघायला बोलावलं.

कप्तानाचं काम नथॅनिएल ग्रिग करायचा. त्याने झेंडा रोवला आणि हे बेट, इथलं पाणी, इथले मासे आता माझ्या राजाचे, असं लांबलचक भाषण सुरू केलं. समोर हम्फ्री गुडघ्यांवर. तेवढ्यात खालून कोणीतरी खुदकन हसलं. अँड्र्यू होता. आधी तो तोंड दाबून हसला, मग पोट धरून. शेजारचे त्याला बघून हसायला लागले, आणि ग्रिग पुढचं वाक्य विसरला. उठावं की बसून राहावं, हम्फ्रीला समजेना.

नंतर ग्रिगने त्याला बजावलं की त्या माणसाला पुन्हा आणायचं नाही, त्याला नाटकातलं काही कळत नाही.

घरी जाताना हम्फ्रीने विचारलं, "हसलास कशाला?"

"तो कप्तान. माझा मामा असाच होता. दुसऱ्याच्या होडीत बसायचा आणि ही माझी होडी म्हणायचा. गाव हसायचं."

"आणि मी?"

"तू अस्वल छान केलंस."

"अरे, अस्वल कुठलं? मी राजा होतो. तुमच्याकडचा."

हा थट्टा करतोय का, हे बघायला अँड्र्यू थांबला. शेजारच्या आखाड्यात अस्वलावर कुत्री सोडतात, तिथे त्याला पूर्वी एकदा नेलं होतं. ते अस्वल असंच ओरडत होतं, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "राजा होतास, तर बेट का दिलंस?"

"तसं लिहिलंय."

"लिहिणारा तिकडे गेला होता?"

"नाही," हम्फ्री म्हणाला.

पुढच्या खेळाला हम्फ्रीने राजाचं बोलणं हळू आवाजात म्हणून पाहिलं. लोकांनी खाल्लेल्या अक्रोडांची कवचं भिरकावली. ग्रिग दातओठ खात पुटपुटला, "ओरड की." हम्फ्री ओरडला आणि टाळ्या पडल्या. त्या ऐकून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून कसंसंच झालं. आपण राजा आहोत की अस्वल, हे त्याला सांगता आलं नसतं.

वसंतात व्यापाऱ्याची माणसं अँड्र्यूचं सामान घेऊन गेली. त्याला परत पाठवला म्हणाले. तिकडून आलेल्या खलाशांना हम्फ्री विचारत राहिला, पण नाव काय विचारायचं हेच त्याला माहीत नव्हतं. अँड्र्यू तर कोणीही असतो.

म्हातारपणी हम्फ्रीला पाद्री आणि पहारेकऱ्यांची कामं मिळू लागली. मंडळींनी ते जुनं नाटक परत काढलं, तेव्हा राजाचं काम एका तरुण नटाला दिलं. तो शिकायला आला. तुम्ही तर असल्या माणसाबरोबर एका घरात राहिलात, म्हणाला. रंगमंचाच्या फळ्यांवर आपटून दुखू नयेत असे गुडघे कसे टेकायचे, तेवढं हम्फ्रीने त्याला दाखवलं.