तुमचं कोण हाय तितं?

स्टेजच्या उजव्या विंगेत, पडद्याच्या दोरखंडांच्या वेटोळ्यावर मला बसवलं होतं. हातात माईक. समोर काळं कापड. कापडापलीकडं दिव्यांच्या उजेडात माझ्याच वर्गातली मुलगी उभी होती. नऊवारी, नथ, गजरा. शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी. ती ओठ हलवत होती. गात मी होते.

शाळेचं स्नेहसंमेलन. लोणावळ्यातली संस्थेची शाळा, शेजारी संस्थेचंच कलामंदिर. मी नववीत. घर वलवणला. वडील रेल्वेत गँगमन, घाटात रूळ तपासत फिरायचे, आणि एप्रिलात जयंतीच्या दिवसांत आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत पेटीवर बसायचे. गाणं मला त्यांच्याकडनंच आलं.

पडदा उघडायच्या आधी अध्यक्ष विंगेत आले. सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे. माझ्याकडं बघून गाण्याच्या बाईंना म्हणाले, मी तिथं नसल्यासारखं:

"आवाज यांच्या रक्तातच असतो. पण स्टेजवर कसं, घरंदाज मूल दिसलं पाहिजे."

बाई हसल्या. मीही हसले. मोठी माणसं हसली की आपण हसायचं, एवढंच कळत होतं.

गाणं संपलं. टाळ्या. पडद्याच्या फटीतनं मला मागच्या रांगा दिसत होत्या. तिथं वडील होते. ड्युटी बदलून, पांढरा शर्ट घालून आलेले. ते उभे राहिले. डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवायला लागले. "वा गं माजे बाय!" असं मोठ्यानं ओरडले.

छातीला बिल्ला लावलेला संस्थेचा एक कार्यकर्ता त्यांच्यापाशी गेला.

"ओ, खाली बसा. तुमचं कोण हाय तितं?"

वडिलांनी स्टेजकडं बघितलं. तिथं दुसऱ्याचीच पोर वाकून नमस्कार करत होती. पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून हसत होती. वडील खाली बसले.

घरी जाताना ते सायकल हातात धरून चालले. मी मागं. वलवणच्या धरणाची भिंत आली. मग म्हणाले, "तुजा आवाज मी वळखला गं."

मी दादासाहेब काय बोलले ते सांगितलं. ते थांबले. सायकल भिंतीला टेकवली. "उद्यापास्नं त्येंच्यासाठी गायचं न्हाई."

मी कुणासाठीच गायले नाही. पार्टीत वडील पेटी पुढं ओढायचे, सूर द्यायचे, माझ्याकडं बघायचे. माझा गळा मिटलेला. किती वर्षं. रडू येत नव्हतं. चीड येत होती. ती मी जाऊ दिली नाही, जपली.

पुढं शिकले. गळा बंद, पण कान उघडे होते. हात होते. पेटी शिकले, तबला शिकले, लेझीम बसवायला शिकले. संगीताच्या परीक्षा दिल्या. आणि त्याच शाळेत तासिका तत्त्वावर लागले. तीच शाळा कशाला, असं आई म्हणाली. घराजवळ आहे, मी म्हटलं. खरं कारण दुसरं होतं. मला त्या माणसाच्या जवळ राहायचं होतं.

दादासाहेब म्हातारे झाले होते. खुर्ची तीच. कलामंदिर मात्र बदललं होतं. ते बांधताना आसपासच्या गावांनी श्रमदान केलं होतं. कुसगावच्या शेतकऱ्यांनी बैलगाड्या जुंपून दगड आणला. माझ्या आजोबांनी पाट्या उचलल्या. आता त्याच्या मैदानाचं लॉन झालं. मुंबईची लग्नं, हॉटेलवाल्यांच्या पार्ट्या. कुसगावचं भजनी मंडळ तारीख मागायला गेलं. "बुकिंग फुल आहे." आमची गायन पार्टी गेली. "बुकिंग फुल आहे." भजनी मंडळाचे आबा आणि माझे वडील चहाच्या टपरीवर एका बाकड्यावर बसून एकाच माणसाला शिव्या देत होते. असं मी जन्मात बघितलं नव्हतं.

शिव्या फक्त टपरीवर. दादासाहेबांची गाडी आली की सगळे उठून उभे. मीपण.

मग ते लग्न आलं. भर उन्हाळा. दादासाहेबांच्या कुणा बिल्डर मित्राच्या मुलाचं. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "लेझीम पथक घेऊन लॉनवर जा. संस्थेचा कार्यक्रम आहे." गेटवर फुलांनी नवरा-नवरीची नावं लिहिलेली बघितली तेव्हा कळलं, संस्थेचा कार्यक्रम कसला ते.

पोरींना फेटे बांधून गालिच्याच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. वरात यायची होती. येत नव्हती. ऊन डोक्यावर. पाहुणे मांडवात पंख्याखाली. पुढं उभी होती साक्षी. आठवीतली, लोहगडवाडीची. तिचे वडील किसनभाऊ गडाखाली ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी विकतात. तिच्यासारखी लेझीम मी कुणाच्या हातात बघितली नाही.

साक्षीला गरगरायला लागलं. ती मांडवात पाण्याच्या टेबलापाशी गेली. ग्लास उचलला. तिथल्या मॅनेजरनं तो तिच्या हातातनं काढून घेतला.

"हे गेस्टसाठी आहे. तुमचं मागं, टँकरपाशी."

पोर तशीच परत आली. जागेवर उभी राहिली. ओठ पांढरे. तेवढ्यात दादासाहेब आले. रेशमी जाकीट, डोक्याला फेटा.

"बाई, पोरींना हसायला सांगा. थोबाडं का पाडलीत? पाहुण्यांना वाटेल, रडायला आणल्यात."

"पोरी तहानल्यात," मी म्हटलं.

"पितील की नंतर. मावळातल्या पोरी आहेत, उन्हानं मरत नाहीत."

आणि ते हसले. मी साक्षीकडं बघितलं. तीपण हसली. तसंच. मोठं माणूस हसलं म्हणून.

तिथं माझं काहीतरी तुटलं.

"लेझीम खाली," मी म्हटलं. पोरींना कळेना. मी ओरडले. "लेझीम खाली!"

वरात गेटात आली होती. बँड, घोडा, नाचणारी माणसं. मी पोरींना सरळ मांडवात नेलं, पाहुण्यांच्या टेबलापाशी. एकेकीच्या हातात मी ग्लास दिला. मॅनेजर पुढं आला. माझं तोंड बघून मागं सरला. पोरी पोटभर पाणी प्यायल्या. मग त्यांना घेऊन पुढच्या गेटानं निघाले. वरातीच्या मधनं. घोडेवाल्यानं घोडा बाजूला घेतला. बँड थांबला.

मागनं दादासाहेब ओरडले, "बाई, उद्यापासून शाळेत यायचं नाही!"

शाळेत कधी न बोललेली माझ्या घरची बोली तोंडात आली. "उद्या न्हाई येत. पन येनार. तुमाला खुर्चीवरनं उठवायला येनार."

नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मी लोहगडवाडीला गेले. किसनभाऊ चुलीपुढं होते. साक्षीनं घरी सगळं सांगितलं होतं.

"माज्या पोरीच्या हातातनं पाणी काढून घेतलं?" त्यांनी विचारलं. मग हळू आवाजात, "आमी जन्मभर दादासाहेबांच्या जातीचे, पाटलाची भावकी म्हनून मिरवलो, बाई. त्येंच्या लेखी आमी बी टँकरपाशीच."

त्यांना धीर द्यावा असं मला वाटलं नाही. "भाऊ, तुमाला काल कळलं. आमाला लय आधी कळलंय."

त्यांनी मान खाली घातली. भाकरी तव्यावर करपली. मग मान वर केली. "काय करायचं, सांगा."

संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला होता. पुण्याहून मोठा पाहुणा यायचा होता. किसनभाऊ आणि मी दारोदार फिरलो. लोहगडवाडी, कुसगाव, वलवण. काही दारं आमच्या तोंडावर बंद झाली. बाकीच्यांना एकच सांगितलं. पोरांची शाळा बुडवायची नाही. पण स्टेजवर आपलं एक पोर जाणार नाही, आणि खुर्चीवर आपलं एक माणूस बसणार नाही.

त्या दिवशी कलामंदिरात स्पीकर एकटाच बोलत होता. ईशस्तवनाला पोरी नाहीत. स्वागताला लेझीम नाही. भजनी मंडळ नाही. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा. स्टेजवर दादासाहेब आणि तो पाहुणा. पाहुणा सारखा घड्याळ बघत होता.

मी आणि वडील, ठरल्याप्रमाणे आम्ही दोघंच आत गेलो. पहिल्या रांगेत बसलो. वडिलांना अडवायला कुणी आलंच नाही.

दादासाहेब स्टेजवरनं खाली आले. आवाज मऊ. "बाई, झालं गेलं विसरा. आपण बसून बोलू."

"बोलायला नाही आले. बघायला आले."

आणि मी बघितलं. पाहुणा निघून जाताना दादासाहेबांचा चेहरा बघितला. बाजूच्या दारानं ते बाहेर पडले तोवर बघितलं. लोक म्हणतात, सूड घेऊन समाधान मिळत नाही. ज्यांच्यावर कधी वेळ आली नाही ते म्हणतात. त्या दिवशी मला जेवल्यासारखं वाटलं. वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता पालकांना संस्थेचं सभासद व्हायचंय, अध्यक्षाच्या निवडणुकीत मत द्यायला. संस्था घेत नाही. आमची तक्रार धर्मादाय आयुक्तांकडं आहे. तारखा पडतात, आम्ही जातो. किसनभाऊ पिठलं-भाकरीची टपरी बंद ठेवून येतात.

परवा मुख्याध्यापक घरी आले. दादासाहेबांचा निरोप घेऊन. मला परत घेऊन नोकरीत कायम करतील. जयंतीला एक दिवस कलामंदिर फुकट देतील. फक्त तक्रार मागं घ्यायची. आमच्यातलेच काही म्हणाले, पदरात पडतंय ते घ्या. आई म्हणाली, म्हातारा माणूस आहे, आजारी असतो, किती दिवसाचा सोबती? थोडं थांबलीस तर खुर्ची आपोआप रिकामी होईल.

मुख्याध्यापकांना चहा दिला. मग सांगितलं, तक्रार मागं घेणार नाही. आणि दादासाहेबांना म्हणावं, औषधं वेळेवर घ्या. जगा. आमची माणसं निवडून येतील, सभा भरेल, त्या दिवशी मला तुम्ही तिथं हवे आहात, शुद्धीवर, डोळे उघडे. मेल्यानं रिकामी झालेली खुर्ची मला नको. ती मी रिकामी करणार.