उष्ट्या पाण्याचा हंडा

पहिली बाटली माझ्याच टीममधल्या मुलीने ओतली. खुर्चीवर चढून. अर्धी प्यायलेली, तोंडाला लिपस्टिक लागलेली बाटली. मग दुसरी. मग पाहुण्यांनी टेबलांवर सोडलेलं सगळं उष्टं पाणी माझ्या डोक्यावरच्या हंड्यात.

"रिकामा हंडा फेक वाटतो गं," मॅनेजर मॅडम म्हणाल्या. "थोडं पाणी हिंदकळू दे. फोटोत छान येईल."

मी हलले नाही. हंडा आईचा होता.

आमच्या बावधनच्या ऑफिसात पाणी दिन होता. परदेशी क्लायंट आलेले. कुठला देश पाणी कसं वापरतो, त्याचे स्टॉल. सिंगापूर सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतं. इस्राएल ठिबकवर वाळवंटात पिकं घेतं. नेदरलँड्स समुद्र अडवून राहतं. सगळ्या बोर्डांवरची इंग्रजीतली ओळन् ओळ माझी. भारताच्या स्टॉलवर मी बोलायचं ठरलं होतं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून आरशासमोर पाठ केलं होतं.

आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "तू मुळशीची ना? मग नऊवारी तूच नेस. घरचा हंडा आण. बोलायचं टेन्शनच नाही तुला, नुसतं उभं राहायचं."

माईक दुसरीला गेला. मी हो म्हणाले. माझं हो लवकर येतं.

आमचं घर धरणाच्या काठावर. पणजोबांची भातखाचरं त्या पाण्याखाली. ते पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे जातं, त्याची वीज होते. काठावरच्या बंगल्यांना त्याचा देखावा मिळतो. आम्ही मे महिन्यात टँकरची वाट बघतो. टँकर आला की आई हंडा भरते, फडक्याने झाकते. त्यात कुणी पेला बुडवायचा नाही. पाणी ओगराळ्यानेच काढायचं. उष्टा थेंब हंड्यात जात नाही.

एक क्लायंट समोर आला. त्याने मला इंग्रजीत विचारलं, तुझ्या घरापासून पाणी किती लांब आहे? मी तोंड उघडलं.

मॅडम आधीच बोलल्या, "शी डझन्ट स्पीक इंग्लिश, सर."

तो माझ्याकडे बघून हसला. लहान मुलाकडे बघून हसतात तसा.

मी हंडा उतरवला. खाली ठेवला. त्याला इंग्रजीत सांगितलं, पाणी माझ्या दारातून दिसतं. माझ्या नळाला येत नाही. हे बोर्ड मी लिहिलेत. आणि या हंड्यात तुम्ही पिऊन उरलेलं पाणी आहे.

आवाज थरथरत होता. पण होता.

सगळ्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

घरी आईने हंड्यात वाकून बघितलं. "उष्टं घातलं व्हय गं ह्यात?"

मी मान हलवली.

"पानी तर कवाच न्हेलं त्यांनी. आता भांडंबी तूच न्हेऊन दिलंस."

तिने हंडा घरात घेतला नाही. अंगणात पालथा घातला.

आठवड्याने मॅडमचा मेसेज आला. क्लायंटला फार आवडलं. पुढचा कार्यक्रम मुंबईला. सेम साडी, सेम हंडा, ते डायलॉगही सेम.

मी लिहिलं, "हंडा येणार नाही. साडी नाही. भारताच्या स्टॉलवर मी बोलणार. माईक नसेल तर मीही नसेन, आणि माझे बोर्डही नसतील."

प्रत्येक मेसेजखाली हसरा चेहरा टाकायची मला सवय आहे. या वेळी टाकला नाही.