आईचं खोटं दुखणं

फुकट शिकवतात म्हणे. फी माफ केली, वर दुपारचं जेवणही दिलं, पण दिवस कोण माफ करणार? माझी धाकटी बहीण बेव्हर्ली पार्कातल्या बिल्डिंगांत घरोघरी धुणीभांडी करते. तिला नया नगरातल्या एका हॉलमध्ये सोलर पॅनल बसवायच्या कोर्सला जागा मिळाली. वर्ग सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपणार, म्हणजे नेमका तिच्या कामाचा वेळ.

ती काम करते त्या घरवाल्यांना खरं सांगायची सोय नाही. शिकायला जातेय म्हटलं की ही आता गेलीच असं धरतात आणि दुसऱ्या दिवशी नवी बाई दारात. आमच्या चाळीतल्या एकीचं पार्लरच्या कोर्सपायी असंच झालं. गावी आजारपण आहे म्हटलं तर मात्र बदली चालते. मग काय, मी माझं शिलाई मशीन झाकून ठेवलं आणि शेजारीण म्हणून तिच्या बदलीवर गेले; सख्खी बहीण म्हटलं असतं तर तू का नाही गावी गेलीस, असं विचारलं असतं.

आजारी कोणाला पाडायचं यावर बराच खल झाला. जित्या माणसाचं खोटं दुखणं सांगू नये, अंगाशी येतं, असं आमच्या रत्नागिरीकडे मानतात. तिने सासूचं नाव काढलं तर मी तिला गप्प केलं. शेवटी आईला आजारी पाडलं. आई जाऊन कितीतरी वर्षं झालीत, तिचं आता काय वाकडं होणार!

बहीण काय खूश होती म्हणून सांगू. जेवताना पॅनलची दिशा आणि वायरींचे रंग, दुसरं बोलणं नाही. पास झाली की कायमची नोकरी आणि रविवारची सुट्टी मिळणार होती. रविवार म्हणजे काय ते तिला आजवर ठाऊक नाही.

शेवटची परीक्षा कुठल्याशा गच्चीवर होती. कुठल्या, ते आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मी तेव्हा तिच्या कामांतल्या एका गुजराती भाभींकडे ओटा पुसत होते. त्या म्हणाल्या, वर सोलर बसतंय, चल बघून येऊ. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे. त्यांनी गॅस बंद केला. त्यांनाही मेलं तेव्हाच बघायचं होतं!

वर पिवळ्या हेल्मेटातल्या बायका उभ्या होत्या आणि त्यांत हातात पाना घेतलेली माझी बहीण. तिने मला पाहिलं, माझ्या मागे भाभींना पाहिलं आणि ती पाण्याच्या टाकीआड गेली.

सरांनी तिचं नाव पुकारलं, परत पुकारलं. बाहेर ये गं, असं मनात म्हणत होते आणि येऊ नकोस, असंही. भाभी जागच्या हलेनात. सरांना म्हणाल्या, "कितना अच्छा काम है. ऐसी औरतों को तो सिखाना ही चाहिए."

मनापासून म्हणाल्या हो. वाईट नाहीत त्या. सरांनी पुढचं नाव घेतलं.

नंतर सरांनी बहिणीला सांगितलं, पुढच्या बॅचला ये, फी नाही, फक्त सगळे दिवस पुन्हा बसावं लागेल. फक्त!

गावाहून आलं की काहीतरी आणावं लागतं. आम्ही भाईंदरच्या बाजारातून कोकम घेतलं आणि दुकानाची पिशवी टाकून जुन्या पेपरात बांधलं. काम सोपवायला मीही बरोबर गेले. भाभींनी पुडी नाकाला लावली. म्हणाल्या, गावच्या कोकमाची बातच वेगळी, आज डाळ फक्कड होणार. मग एकदम आठवून त्यांनी विचारलं, "माँ कैसी है अब?"

"ठीक है भाभी," बहीण म्हणाली.

जिना उतरताना ती मला म्हणाली, "ताई, पुढच्या बॅचला आई परत आजारी पडली तर चालेल?"

"या खेपेला मरूच दे तिला," मी म्हटलं. "तेराव्यापर्यंत कोणी काही विचारत नाही."

बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं.