बोटीवरची मॅच

मुंबईहून मालवणला बोटीने येताना मी डेकवर बसून सिगारेटच्या पाकिटांत मिळणारी क्रिकेट खेळाडूंची चित्रं चाळत होतो. शेजारचा माणूस सरकून जवळ आला. साठीचा, मालवाहू जहाजावरचा स्वयंपाकी, रजेवर घरी निघालेला. लुंगीला हात पुसून त्याने एक चित्र अलगद कडेने उचललं.

"माज्याकडे अशी रास आसा," तो म्हणाला. "बंदराबंदरात जमयलंय. पण मॅच कदी बघूक नाय. जहाज बंदराक लागला तरी माजी चूल पेटलेलीच. बॅटीक बॉल लागता तेव्हा आवाज कसो येता रे?"

मी मुंबईत पाहिलेली एक मॅच सांगू लागलो. तो डोळे मिटून ऐकत होता. चौकार गेला की त्याची बोटं मांडीवर हळूच आपटत. विजयदुर्ग कधी मागे पडला कळलंच नाही. उन्हात डुलणारा समुद्र मलाही मैदानासारखा दिसू लागला. उतरताना त्याने माझं गाव आणि घर तेवढं विचारून घेतलं.

दिवाळीनंतर त्याच्या जहाजावरचा एक खलाशी मसुऱ्याला आमच्या घरी आला. शिडाच्या कापडात शिवलेलं पुडकं त्याने माझ्या हाती दिलं. आत त्या स्वयंपाक्याची सगळीच्या सगळी चित्रं होती, लवंगेचा वास लागलेली.

"सगळी? त्याला नकोत?" मी विचारलं.

"तो म्हणालो, माका आता ही कित्याक? माजी मॅच बघून झाली."

तो स्वयंपाकी पुन्हा भेटला नाही. पण मैदानात बसलो की अजूनही मी मनातल्या मनात कुणाला तरी खेळ सांगत असतो.