धोंडूला सुखरूप आणलंस

भैरोबापुढे हात जोडताना माझ्या मनात शंका आली होती, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वहीत लिहिते, कारण वही माघारी बोलत नाही. शंका देवाबद्दल नव्हती, अण्णांबद्दल होती. स्वतःच्या गेलेल्या बापावर संशय घेऊन देवापुढे उभं राहायची मला लाज वाटायची.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आले, असं आमच्या घरात सांगत. पण त्यांच्यापाशी कागद नव्हता, बिल्ला नव्हता, काहीच नव्हतं. त्यामुळे गावात लोक म्हणायचे, भैरू लढाईला गेलाच नाही, कुठंतरी लपून बसला होता. शाळेत पोरं मला पळपुट्याची पोरगी म्हणून चिडवायची. अण्णांच्या कानावर हे यायचं. ते बैलांना पाणी पाजायला निघून जायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली, लग्न झालं, मुलगा शिकून अमेरिकेला आला आणि म्हातारपणी मीही त्याच्याकडे, नोव्हाय नावाच्या गावाला आले. पळपुट्याची पोरगी हा शब्दही माझ्याबरोबर आला.

मुलगा विनय मोटारीच्या कंपनीत इंजिनियर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आपण होऊन पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, सगळं नीट लिहिलं. काही महिन्यांनी उत्तर आलं, की या नावाचा, या गावचा शिपाई भरती झाल्याची नोंद नाही. "जुनी रेकॉर्डं आहेत आई, मिस झालं असेल," विनय म्हणाला, पण माझ्याकडे न बघता म्हणाला. त्या दिवसापासून देवाशेजारच्या अण्णांच्या फोटोकडे मीही नीट बघेना. दिवा मात्र रोज लावायचे आणि अण्णा म्हणायचे तेच म्हणायचे, "भैरोबा, धोंडूला सुखरूप आणलंस, बाकीच्यांनाही आण." लहानपणापासून ऐकून पाठ झालेले शब्द. धोंडू त्यांचा कुणी मित्र असेल, असं धरून मी चालले होते. विचारायचं धाडस कधी झालं नाही.

आमचं देवघर बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या खोलीला लागून आहे. वर उदबत्ती लावली की धुराचा अलार्म कोकलतो. जानेवारीत एका सकाळी ती फर्नेस बंद पडली आणि घर बर्फासारखं झालं. दुरुस्तीला एक वयस्कर गोरे गृहस्थ आले. पांढऱ्या मिशा, मोठी पेटी. गॅसचं काम आहे, दिवा विझवा, असं ते म्हणाले. मला इंग्रजी येत नाही, पण त्यांचं बोट दिव्याकडे होतं. माझे हात आपोआप दिव्याभोवती गेले.

"आई, दोन मिनिटांचं काम आहे. फुंकर घाला ना," माझी सून मृणाल म्हणाली.

"दिव्याला फुंकर? ती तुझ्या बर्थडे केकला ठेव."

मृणाल हसली आणि तिने त्यांना काहीतरी सांगितलं. त्यांनी वाकून समईतलं तेल पाहिलं आणि जॅकेटसकट जिन्याच्या पायरीवर बसले. "आय कॅन वेट," म्हणाले. एवढं मला कळलं.

गप्प बसणं मृणालला जमत नाही. फोटो कुणाचा, असं त्यांनी विचारल्यावर तिने पलटणीच्या पत्रापर्यंत सगळं सांगून टाकलं. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पण ते मन लावून ऐकत होते. मृणालकडून कळलं, की त्यांचे आजोबा परदेशातून इकडे येऊन सैन्यात गेले होते. घरचे कितीतरी वर्षं त्यांना चुकीच्याच नावाने शोधत राहिले. मग त्यांनी सरळ मला विचारलं आणि मृणालने मराठीत सांगितलं, "तुमच्या वडिलांना त्यांची आई काय म्हणून हाक मारायची?" मी नकाराची मान हलवली. आजी माझ्या जन्माआधीच गेली होती. तेवढ्यात दिवा शांत झाला. त्यांनी काम केलं, घर ऊबदार झालं आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावून मी म्हणाले, "भैरोबा, धोंडूला..." आणि जीभ थांबली.

गावाकडे आत्या आहे, अण्णांची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली. विनयने तिला व्हिडिओ कॉल लावून दिला.

"आत्या, धोंडू कोण गं?"

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. "आता कशाला लपवू? तुझा बाप."

अण्णांच्या आधीची दोन मुलं दगावली होती. या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून आजीने नाव ठेवलं धोंडू. तो लढाईवर गेला तेव्हा तिने भैरोबाला नवस केला, सुखरूप आला तर तुझं नाव देईन, जुनं नाव तुझ्या पायाशी सोडीन. तो आला. मग धोंडूचा भैरू झाला आणि जुन्या नावाबरोबर त्या नावाचे सगळे कागद, बिल्लासुद्धा, देवळाखालच्या नदीत सोडले. ते नाव पुन्हा देवाशिवाय कुणापुढे घ्यायचं नाही, असं ठरलं, आणि गावातल्या जुन्या माणसांनीही देवाच्या धाकाने ते नाव टाकलं.

"मग मला सांगायचं नाही का, आत्या?"

"सत्तर वर्षांत विचारलंस कधी? लाजरी मेली."

विनयने त्या नावाने पुन्हा अर्ज केला. एप्रिलमध्ये उत्तर आलं. धोंडू, बापाचं नाव तेच, गाव तेच. इटलीत लढला, पायाला जखम, वर्तणूक उत्तम. खाली ओळखीची खूण लिहिली होती, डाव्या कानामागे भाजल्याचा डाग. अण्णांच्या डोक्याला मी कितीदा तेल लावलं असेल. तो डाग माझ्या बोटांना पाठ आहे. मी हसत सुटले, मृणाल रडायला लागली आणि विनय हेडमास्तरासारखा ते पान पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचत राहिला.

एका शब्दाने, जुन्या नावाने पुन्हा कागद मागवून, अण्णा सगळ्या गावाचं तोंड बंद करू शकले असते. पण तो शब्द त्यांनी देवाला दिला होता. देवावर सोडायचं म्हणजे मागायचं आणि वाट बघायची, असं मी समजत होते. देवावर सोडणं म्हणजे दिलेल्या वस्तूकडे पुन्हा हात न नेणं, हे मला आता कळलं, तेही अण्णांकडून. दुरुस्तीवाल्यांना कंपनीने पाठवलं होतं, हे मला समजतं. आणि त्या सकाळी गारठ्याने हात आखडला म्हणून समईत तेल जास्त पडलं, हेही खरं. मी एवढंच लिहिते आणि हात जोडते. रोजचे शब्द मी बदललेले नाहीत. बाकीच्यांचीही कुणी ना कुणी वाट पाहिली असेलच.

ऑक्टोबरमध्ये फर्नेसची तपासणी करायला तेच गृहस्थ आले. 'सापडले'ला इंग्रजीत काय म्हणतात, तो एक शब्द मी मृणालकडून शिकून ठेवला होता. फोटोकडे बोट दाखवून मी म्हणाले, "फाउंड." ताठ उभे राहून त्यांनी अण्णांना सलाम केला. मी त्यांच्या हातावर बेसनाचे दोन लाडू ठेवले. दिवा तेवत होता. कुणी काही सांगायच्या आत ते लाडू घेऊन पायरीवर जाऊन बसले. त्या दिवशी समईत तेल मी मुद्दामच जास्त घातलं होतं.