चतुर्थीचा चंद्र आणि लिंबाची बरणी

गणपती बसले त्याच दिवशी मी माझ्या दुर्बिणीचं खोकं उघडलं. औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणली होती. खोक्यावर कडीवाला शनी, आत लटपटणारी तिवई. चंद्राचा फोटो काढणार, हे मी आधीच साऱ्या गल्लीला सांगून बसलो होतो.

"आज चतुर्थी आहे," बायकोनं बजावलं. "आज चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो."

"मी कुठं बघणार? कॅमेरा बघेल!"

या उत्तरावर मी स्वतःच इतका खूश झालो, की पुढचं सगळं त्या खुशीतच घडलं.

दुर्बिणीसोबतच्या कागदावर लिहिलं होतं, आधी उजेडात लांबच्या वस्तूवर नेम जुळवून घ्या. संध्याकाळी चंद्र पश्चिमेला दिसणार, म्हणजे मैदानापलीकडच्या काकांच्या गच्चीवर. तिथं कठड्यावर काकूंची लिंबाच्या लोणच्याची बरणी ऊन खात होती. मी भिंगाला कॅमेरा टेकवून चार फोटो मारले. दुर्बिणीतून सगळं उलटं दिसत होतं, म्हणून नीट बघितलंही नाही. बरणी काय नि चंद्र काय, गोल ते गोल.

दिवेलागणीला कोर दिसली. मी नळी जरा वर केली आणि डोळे मिटून, अगदी शपथेवर मिटून, बटण दाबत राहिलो. तेवढ्यात काका-काकू दारात हजर.

"दुपारपासून आमच्या घराकडं दुर्बीण लावून बसलाय!" काका गरजले. "शाळेत मास्तर म्हणं! थांब, उद्या तुझ्या हेडमास्तरलाच सांगतो."

ही गोष्ट शाळेत गेली असती, तर पोरांनी मला रिटायर होईपर्यंत जगू दिलं नसतं.

"काका, मी चंद्राचे फोटो काढत होतो. हे बघा!"

काकूंनी झटकन डोळ्यांवर पदर ओढला. "अगं बाई, नगं! आज बघत नसतात त्याला."

काकांनीही मान फिरवली. माझ्याकडं एवढा एकच पुरावा, आणि तो बघायला कुणी तयार नाही! घाईत मी भलतंच बटण दाबलं. पडद्यावर बरणी आली. काकू पदराआडून बघतच होत्या.

"ही तर माझी बरणी!"

"बघा, मी काय म्हणत होतो?" काका म्हणाले. बायको कपाळाला हात लावून आत गेली.

काकूंनी कॅमेरा हातात घेऊन उलटा धरला. "आन् हा हात कुणाचा हाय, अहो?"

मनगटापर्यंत बरणीत गेलेला हात. वर काकांचं तोंड, फोड चोखताना मिटलेले डोळे. बीपीमुळं डॉक्टरांनी काकांचं लोणचं कधीच बंद केलं होतं.

"बरणी रिकामी कशी होत चालली म्हणलं, तर म्हणं उन्हानं लिंबू आटतं!"

"पण मी चंद्र बघितलाच नाय," काका पुटपुटले.

"आळ नाय हा, चोरी हाय! चला घरी."

दुसऱ्या दिवशी मी चंद्राचे फोटो निवांत बघितले. डोळे मिटून काढलेले. सगळे काळेकुट्ट, एकातही चंद्र नव्हता. काकूंनी वेळेवर पदर ओढला म्हणून वाचलो.